सारंगखेड्याहून मुंबईला घोडा आणायचाय? आधी हे कागद बघा

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली की मुंबईतले वरातीचे घोडेवाले आणि तबेलेवाले खरेदीला निघतात. सौदा ठरतो, पैसे दिले जातात, टेम्पोही ठरतो. कागदांची आठवण होते ती घोडा गाडीत चढवायच्या वेळी. मग यात्रेतल्या डॉक्टरांच्या हातापाया पडून मिळेल तो कागद घ्यायचा आणि रात्रीच निघायचं. नाक्यावर गाडी अडते ती अशाच घाईतल्या लोकांची. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घोडे, खेचरं आणि गाढवं यांच्या वाहतुकीला १९७८ चे प्राणी वाहतूक नियम लागू होतात, त्यातले ५७ ते ६३ हे नियम खास त्यांच्यासाठी आहेत. २००१ आणि २००९ मध्ये त्यांत भर पडली. गाडी कशी असावी हे मोटार वाहन नियमांतल्या १२५-ई मध्ये दिलं आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दाखल्यांचा. दाखले दोन लागतात, एक नाही. पहिला पशुवैद्यकाचा: घोडा प्रवासाला धडधाकट आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही असा. दुसरा नियम ९६ खालचा: या वाहतुकीत प्राण्यांविषयीचे सगळे कायदे पाळले आहेत असा. हा दुसरा दाखला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने किंवा केंद्र सरकारने त्यासाठी अधिकार दिलेला अधिकारी, व्यक्ती किंवा संस्थाच देऊ शकते. आपल्या जिल्ह्यात असा अधिकार कोणाकडे आहे हे कुठल्याही खिडकीवर लिहिलेलं नसतं, आणि याचा मला मनापासून राग येतो. दाखल्याशिवाय गाडीवाल्याने जनावर घेऊच नये असं नियम सांगतो, पण दाखला कुठे मिळतो ते सांगायला कोणी बसलेलं नसतं. यात्रेच्या बरंच आधी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा, पोच घ्या आणि त्याची प्रत मंडळालाही पाठवा. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं आणि नाक्यावर ते चालत नाही.

पशुवैद्यकाच्या दाखल्याची वेळ बहुतेक जण चुकीची वाचतात. तपासणी निघण्याआधी १२ तासांच्या आत झालेली असावी लागते. सोमवारी सकाळी दाखला घेतला आणि सौदा लांबल्यामुळे मंगळवारी निघालात, तर तो कागद गेला. दाखल्यावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या.

घोड्याचं वर्णन ही दुसरी अडचण. ‘पांढरी घोडी, एक’ एवढं लिहिलेला दाखला कुठल्याही नुकऱ्या (पांढऱ्या) घोडीला लागू पडतो, म्हणून तपासणारा त्यावर विश्वास ठेवत नाही. विकणारा देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) कुठे आहे ते कौतुकाने दाखवतो, पण गुडघ्यावरचा जुना व्रण दाखवत नाही. रंग, कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, भोवऱ्यांच्या जागा, व्रण, अंदाजे वय हे सगळं लिहायला सांगा. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर तिचा क्रमांकही.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी यात्रेत उभ्या उभ्या होत नाही. पशुसंवर्धन विभागामार्फत नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो आणि अहवाल यायला वेळ लागतो. हा रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही, तेव्हा अहवालाशिवाय सही न करणाऱ्या डॉक्टरांवर चिडू नका. अहवाल विकणाऱ्याकडेच मागा, आणि त्यातलं वर्णन समोरच्या घोड्याशी जुळतं का ते स्वतः पाहा.

आता गाडी. प्रत्येक घोड्याला स्वतंत्र, पक्का बसवलेला कप्पा हवा, किमान २.२५ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण २४ चौरस फूट. आठ बाय पाचच्या हौद्याचे होतात ४० चौरस फूट. त्यात एकच घोडा बसतो. ‘दोन आरामात मावतात’ हे टेम्पोवाल्याचं म्हणणं ऐकू नका. जनावरांबरोबर दुसरा माल चालत नाही. तळाला पाय घसरणार नाही असं काहीतरी, घोड्याचं तोंड रहदारीपासून दूर डावीकडे, सोबत एक माणूस आणि प्रथमोपचाराचं सामान.

वेगाची मर्यादा ताशी ३५ किलोमीटर आहे. सारंगखेडा ते मुंबई अंतर चारशेच्या घरात, म्हणजे नुसतं चालवायलाच अकरा-साडेअकरा तास. ‘रात्री निघून पहाटे पोचू’ असं डॉक्टरांना सांगणारा माणूस नियम मोडणार असल्याचं स्वतःच सांगत असतो. शिवाय वाटेत थांबावंच लागतं. मोरखी (तोंडाभोवतीची दोरी) उंच आवळून बांधलेल्या घोड्याला मान खाली घालता येत नाही. छातीत साचलेला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही आणि मुक्कामी पोचल्यावर दोन दिवसांत ताप चढतो, पुढे न्यूमोनियापर्यंत जातं. दोरी सैल ठेवा. दर थांब्याला पाणी द्या आणि त्याला मान जमिनीपर्यंत नेऊ द्या.

लंगडणारा, आंधळा, रोडावलेला किंवा थकलेला घोडा नेता येत नाही. व्यायला झालेली किंवा ७२ तासांच्या आत व्यालेली घोडीही नाही. प्रवास किती लांबचा आहे हे पाहूनच डॉक्टरांनी ठरवायचं असतं, त्यामुळे धुळ्यापर्यंत चालेल असा घोडा मुंबईपर्यंत चालणार नाही असं ते म्हणू शकतात. तेव्हा दुसरा डॉक्टर शोधू नका. आठवडाभर तिथेच दाणापाण्याची सोय करा.

‘फार तर पन्नास रुपये दंड’ असं बरेच जण म्हणतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड तेवढाच आहे, हे खरं आणि लाजिरवाणं आहे. पण खरा फटका जप्तीचा बसतो. जप्त जनावरांच्या देखभालीबद्दलच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालू असताना घोडा पांजरपोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवता येतो, आणि त्याच्या चाऱ्या-औषधाचा खर्च गाडीमालक, पाठवणारा आणि घेणारा या सगळ्यांकडून मिळून वसूल होतो. खटले वर्षानुवर्षं चालतात.

जप्ती झालीच तर पंचनाम्याची आणि वैद्यकीय तपासणीची प्रत मागून घ्या, घोडा कुठे नेला ते लिहून घ्या, आणि त्याला काय दाणा चालतो, कुठलं औषध चालू आहे, हे त्या संस्थेला त्याच दिवशी कळवा.