दंतमूलोपचारोत्तर वेदना

रूट कॅनाल केल्यानंतर त्या दातात वा दाढेत जाणवणारी ठणक आणि तिचे शमन. ‘नस काढली तरी दाढ ठणकतीया’ ही कोल्हापूरच्या दंतवैद्यांकडची नेहमीची तक्रार असून तीत विसंगती नाही. उपचारात दाताच्या पोकळीतील मज्जा, म्हणजे लोकांच्या भाषेतील नस, काढली जाते. मुळाभोवतीचे तंतुबंध व हाड मात्र जिवंतच राहतात, आणि वेदना प्रामुख्याने तेथून येते.

कारणमीमांसा : सौम्य दुखरेपणाविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो उपचारानंतर काही तासांत वा दिवसांत उसळणाऱ्या तीव्र वेदनेविषयी. सेल्टझर व नायडॉर्फ या दंतसंशोधकांनी १९८५ मध्ये तिच्या अनेक संभाव्य कारणांची चर्चा केली. त्यांत मुळाच्या टोकाशी वाढलेला दाब, सूक्ष्मजंतू, दाहजनक रसायने, प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया, इतकेच नव्हे तर रुग्णाची मानसिक अवस्थाही होती. पुढे दंतसंशोधक सिकेरा यांनी २००३ च्या सुमारास सूक्ष्मजंतूंवर भर दिला : फाइल (मुळातील नलिका, म्हणजे मज्जेची अरुंद वाट, खरवडण्याची बारीक सुई) फिरवताना जंतुयुक्त भुगा मुळाच्या टोकापलीकडे ढकलला जातो, किंवा नलिका अर्धवट साफ झाल्याने आतील जंतूंचा समतोल बिघडून काही जाती बळावतात. कुजलेल्या मज्जेच्या दातांपुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते. मज्जा जिवंत असताना मुळाच्या टोकापर्यंत संसर्ग सहसा पोचलेला नसतो, तरीही असा दात उपचारानंतर दुखतो. तेथे फाइलची इजा व धुण्याच्या द्रावाचा क्षोभ ही कारणे पुरेशी ठरतात. धुण्यासाठी वापरलेले सोडियम हायपोक्लोराइट टोकापलीकडे गेले, तर मात्र खुर्चीतच असह्य आग होते व गाल झपाट्याने सुजतो. तो स्वतंत्र अपघात मानावा. एकाच बैठकीत काम संपवावे की अनेक बैठकांत, हाही जुना वाद आहे. एका बैठकीनंतर पहिल्या आठवड्यात दुखणे काहीसे अधिक आढळते, असा अलीकडच्या आढाव्यांचा कल आहे. दीर्घकालीन यशात ठळक फरक दिसत नाही.

कालक्रम : पाक व व्हाइट यांच्या २०११ च्या आढाव्यात उपचारापूर्वी सुमारे ८१ टक्के, २४ तासांनी ४० टक्के आणि सातव्या दिवशी ११ टक्के रुग्णांना वेदना होत्या. सहा महिन्यांनंतरही टिकणारी वेदना थोड्या रुग्णांत आढळते. तिच्यामागे सुटून गेलेली नलिका (वरच्या पहिल्या दाढेची चौथी नलिका विशेषतः निसटते), मुळाची चीर किंवा दाताबाहेरचे कारण असू शकते.

शमन : प्रौढांसाठी पहिली पसंती आयब्यूप्रोफेन ४०० मिग्रॅ. व पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ. यांच्या जोडीला आहे. भूल उतरण्यापूर्वी पहिली मात्रा घेणे हिताचे. जठरव्रण, मूत्रपिंडविकार, अशा गोळ्यांनी बळावणारा दमा किंवा उत्तर गर्भावस्था असल्यास आयब्यूप्रोफेन वर्ज्य असून केवळ पॅरासिटामॉल द्यावे. प्रतिजैविकांनी साधी ठणक थांबत नाही. ताप किंवा पसरती सूज असेल तरच ती द्यावीत. चावताच कळ येत असल्यास भरण उंच राहिल्याची शंका घ्यावी. खूण उमटवणारा निळा कागद दातांत धरून टकटक चावायला लावल्यावर भरणावर उमटलेला ठिपका घासून काढला की बहुधा लगेच आराम पडतो. लवंगतेल येथे फारसे कामाचे नाही : त्यातील युजेनॉल उघड्या मज्जेला बधिर करते, ती मज्जाच उरलेली नसते, आणि निव्वळ तेलाने हिरडी मात्र पोळते. तोंड उघडेना, गिळवेना किंवा श्वास अडू लागला तर रात्रीही रुग्णालय गाठावे.

कोल्हापूर परिसर : शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) हे मोठे शासकीय रुग्णालय असून जिल्ह्यात नवे पारगाव येथे दंतमहाविद्यालय आहे. चंदगड-आजऱ्याकडून येणाऱ्याला दुसरी खेप जड जाते, त्यामुळे कोणती लक्षणे दिसताच परत यायचे हे पहिल्याच दिवशी लिहून देणे येथे अधिक गरजेचे. कटाची मिसळ व तांबडा रस्सा भूल पूर्ण उतरेपर्यंत टाळावा, कारण बधिर गाल व जीभ चावली वा भाजली तरी कळत नाही. कडक भाकरी त्या बाजूने कॅप बसेपर्यंत चावू नये. दुखऱ्या दाढेला मिश्री लावण्याची सवय खेड्यांत आढळते. तिच्यातील तंबाखूमुळे हिरडी भरून येण्यास विलंब होतो.