पिकअपला पुढचा लोखंडी गार्ड लावला की ड्रायव्हर सेफ? नाही हो!

नवी पिकअप घेतली की पहिलं काम म्हणजे पुढे जाड पाइपचा गार्ड ठोकायचा, आणि "गार्ड आहे म्हणजे ड्रायव्हरला काही होत नाही" हे वर्षानुवर्षं ऐकतोय. पार्किंगमध्ये घासलं तर हेडलाइट वाचेल, तेवढं खरंय. पण जोरात धडक बसली तर बंपर आणि पुढचा पत्रा आधी चेपून जो धक्का खाणार असतो तो खातच नाही, कारण गार्ड थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्ट केलेला असतो, मग धक्का सरळ केबिनमध्ये, तुमच्या छातीपर्यंत येतो. एअरबॅग असेल तर तिच्या सेन्सरचं टायमिंगही बिघडू शकतं. आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याचं काय होईल, विचार करूनच कसंतरी होतं.

शिवाय डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना सांगितलंय की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध आहेत, कारवाई करा.

पैसे घालायचेच तर हौद्यात जाड रबर मॅट टाका, चांगले मडफ्लॅप लावा, फक्त मॅट अधूनमधून उचलून खालचं पाणी पुसा, नाहीतर तिथेच गंज धरतो.