३३ मतं हरली, २७ जिंकली, ती कशी?

महाराष्ट्रातल्या सहा जागांसाठी झालेल्या जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "संजय पवारांना ३३ मतं, धनंजय महाडिकांना २७, आणि खासदार झाले महाडिक! काहीतरी घोळ आहे." घोळ काहीच नव्हता. ती मोजणी म्हणजे राज्यशास्त्रातल्या एका सुंदर कल्पनेचं चालतं-बोलतं उदाहरण आहे.

लोकसभेला ज्याला जास्त मतं तो निवडून येतो, इतरांची वाया जातात. प्रमाणशीर प्रतिनिधित्वात सभागृहात ज्याचं जेवढं बळ तेवढ्या त्याच्या जागा. राज्यसभेसाठी घटनेच्या कलम ८० ने हीच पद्धत ठरवली आहे, एकल संक्रमणीय मताची. आमदार जांभळ्या स्केचपेनने नावांसमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. त्याच्या पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला गरजेपेक्षा जास्त मतं पडली, तर वरची मतं वाया न जाता दुसऱ्या पसंतीकडे सरकतात.

गरज म्हणजे किती? जागा सहा, म्हणजे सहाने भागावं असं वाटतं. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज वकील हेन्री ड्रूप यांनी सातने भागायला सांगितलं. एक भाकरी घ्या. तिच्या सातव्या हिश्शापेक्षा कणभर मोठा तुकडा जास्तीत जास्त सहा जणांनाच देता येतो, सातव्याला तेवढा उरतच नाही. म्हणून सातव्या हिश्शाच्या वर गेलेला उमेदवार पडूच शकत नाही. मला तर हा युक्तिवाद शाळेतल्या कुठल्याही प्रमेयाइतकाच देखणा वाटतो.

त्या दिवशी वैध मतं होती २८४. प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. २८,४०० भागिले ७, अपूर्णांक सोडून अधिक १, म्हणजे निवडून यायला लागणारा कोटा ४,०५८. भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना ४८-४८ मतं, म्हणजे प्रत्येकी ७४२ मूल्य वर राहिलं. ते सगळं त्यांच्याच पक्षाच्या महाडिकांकडे वळलं असं धरा: २,७०० + १,४८४ = ४,१८४. कोटा पार. (प्रत्यक्ष मोजणीत अपूर्णांक सोडतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो.) दुसरीकडे महाविकास आघाडीचे इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१. तिघांची मिळून शिल्लक फक्त ६२६. ती सगळी आघाडीच्याच संजय पवारांना दिली तरी ३,९२६.

खरी गंमत बेरजेत आहे. भाजपच्या तिघांची मिळून मतं १२३, तीन कोट्यांना (एक कोटा म्हणजे ४०.५८ मतं) लागतात १२१.७४. महाविकास आघाडीच्या चौघांची १६१, चार कोट्यांना लागतात १६२.३२. दीड मतही कमी नव्हतं, पण कमी होतं.

निकालानंतर 'चाणक्यनीती', 'चमत्कार' असे शब्द उधळले गेले. अपक्षांना आणि छोट्या पक्षांना वळवणं हे राजकारण होतं, आणि ते मतदानाआधीच झालं होतं. पेटी उघडल्यावर उरला तो भागाकार. त्याला चमत्कार म्हटलं की लोक समजून घ्यायचं थांबतात, याचा मला मनापासून राग येतो.

"शिवसेनेचं एक मत बाद झालं म्हणून जागा गेली," हेही सर्रास ऐकू येतं. ते मत वैध धरून बघा. एकूण मतं २८५, कोटा वाढून ४,०७२. आघाडीकडे १६,२००, चार जागांना हवे १६,२८८. तरीही ८८ कमीच.