बनवताना लागतं ते आणि चालवताना लागतं ते

विश्रामबागेतून भाच्याचा फोन आला. "मामा, मशीन खोटं बोलतंय. प्रोज सापडत नाही म्हणतंय. आणि ह्याच मशीनवर क्यूजीआयएस चालतंय की! त्याला प्रोज लागतंच ना?"

लागतंच. क्यूजीआयएस म्हणजे नकाशांचं सॉफ्टवेअर, आणि प्रोज म्हणजे नकाशावरचे निर्देशांक एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेणारी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. भाच्याला शेताच्या कोपऱ्यांचे यूटीएममधले, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीतले आकडे (आपली सांगली 43व्या झोनमध्ये येते) अक्षांश-रेखांशात करून देणारा एक छोटा प्रोग्राम सोर्स कोडपासून कंपाइल करायचा होता, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचा होता. कंपाइल करण्याआधी लागणारं सगळं आहे का ते तपासणाऱ्या सीमेकने पहिल्याच पायरीला हात वर केले.

मशीन खोटं बोलत नव्हतं, आणि भाचाही नाही. दोघं वेगवेगळ्या प्रोजबद्दल बोलत होते.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणाली एकाच लायब्ररीची दोन पॅकेजं करतात. उबुंटू 24.04 वर 'लिबप्रोज25' या पॅकेजात प्रत्यक्ष लायब्ररीची फाइल असते, नावाच्या शेवटी 25 हा आकडा लावलेली. प्रोग्राम चालू होताना लागणाऱ्या लायब्रऱ्या आणून देणारा लोडर हीच आकड्याची फाइल शोधतो. 'लिबप्रोज-डेव्ह' नावाच्या दुसऱ्या पॅकेजात हेडर फाइल असते, म्हणजे लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत आणि त्यांना काय द्यायचं याची यादी. शिवाय त्यात आकडा नसलेल्या नावाची एक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल असते, आणि कंपाइल करताना प्रोग्राम लायब्ररीशी जोडणारा लिंकर नेमकं तेच बिनआकड्याचं नाव शोधतो. क्यूजीआयएस तयार होऊन आलेलं, त्याला पहिलं पॅकेज पुरतं. भाच्याला दुसरंही हवं होतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर अशा पॅकेजांच्या नावामागे 'डेव्हेल' लागतं. आर्च लिनक्सवाले ही वाटणीच करत नाहीत, त्यामुळे त्यांना हा प्रश्न विचारला की ते नुसते बघत राहतात.

मी त्याला गुऱ्हाळाची आठवण करून दिली. चुलवाण, काहील, मळी वर यावी म्हणून रसात घातलेलं भेंडीचं पाणी, हे सगळं गूळ होईपर्यंत. ढेप घरी आली की तिच्यात कुणी भेंडी शोधत नाही. हेडर फाइल म्हणजे ती भेंडी. पण ही उपमा अर्ध्यातच सुटते, कारण गूळ खाताना ऊस समोर लागत नाही आणि प्रोग्राम चालताना लायब्ररी मात्र दरवेळी हजर लागते. स्टॅटिक लिंकिंग केलं तर लायब्ररी प्रोग्रामच्या पोटातच जाते. मग ढेपेचा हिशोब बरोबर जुळतो. ते असो.

डेव्ह पॅकेज टाकलं, प्रोग्राम झाला, चालला. भाच्याने तो पेनड्राइव्हवर घेतला आणि मिरजेत मित्राच्या लॅपटॉपवर नेला. पुन्हा फोन. "परत तेच, मामा. लायब्ररी नाही म्हणतंय. डेव्ह टाकलं तरी ऐकंना."

तेच नव्हतं. आधी अडलं होतं ते बनवताना, तक्रार सीमेकची होती. आता अडलं होतं चालवताना, तक्रार लोडरची होती आणि तिच्यात आकडा होता: 25. मित्राच्या लॅपटॉपवर उबुंटू 22.04. तिथे मिळते ती प्रोज 8.2, आणि तिच्या फाइलीवर आकडा असतो 22. त्या आवृत्तीचं डेव्ह पॅकेज कितीदाही टाकलं तरी 25 कुठून उगवणार? अशा वेळी प्रोग्रामवर एलडीडी ही आज्ञा चालवून बघावी. कोणती लायब्ररी कुठून उचलली आणि कोणती सापडली नाही, सगळं ओळीने समोर येतं.

त्याला 22 च्या फाइलीला 25 चं नाव देऊन भागवायचं होतं. मी ओरडलो. तो आकडा शोभेला नसतो, जुन्या प्रोग्रामांशी जुळणारं काही बदललं की तो बदलतात. आणि ते जमलं असतं तरी पुढे जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी, उभी होतीच: 24.04 वर 2.39, 22.04 वर 2.35. जुन्या मशीनवर बनवलेलं सहसा नव्यावर चालतं, उलटं चालेलच असं नाही. म्हणून सोर्स मिरजेच्या लॅपटॉपवर नेऊन तिथेच कंपाइल केलं.

कधीकधी एकच नाव दोन्ही बाजूंना लागतं, आणि खरा घोळ तिथे होतो. तुम्ही प्रोजच सोर्सपासून बनवायला घेतलंत तर एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस, दोनदा लागतं. आवृत्ती 6 पासून प्रोज निर्देशांक पद्धतींची माहिती 'प्रोज डॉट डीबी' या डेटाबेसमध्ये ठेवते. तो डेटाबेस बांधायला एसक्यूलाइटचा प्रोग्राम लागतो, आणि नंतर तो वाचायला एसक्यूलाइटची लायब्ररी. पॅकेजं वेगळी. आणि लायब्ररी जागेवर असूनही हा डेटाबेस सापडला नाही तर निर्देशांक बदलायची वेळ आली की प्रोज बहुतेकदा अडते. एलडीडीला त्यातलं काही दिसत नाही, कारण ते फक्त लायब्रऱ्या मोजतं.

उलटा प्रकारही होतो. हाताने बनवलेली लायब्ररी 'यूएसआर-लोकल' या फोल्डरमध्ये बसवली की कंपाइलरला ती लगेच दिसते, लोडरला दिसत नाही, कारण त्याची यादी जुनी असते. उबुंटूवर सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, ती यादी ताजी करणारं एलडीकॉन्फिग एकदा चालवलं की काम होतं. यात निम्मी दुपार घालवलेला माणूस मी स्वतः आहे.

मिरजेचा प्रोग्राम आठवडाभर नीट चालला. मग तिसरा फोन. मित्राने जागा मोकळी करायला डेव्ह पॅकेज काढलं होतं. त्यात काही चूक नाही, भेंडीचं काम झालेलंच होतं. पण पाठोपाठ त्याने पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या एपीटीचं ऑटोरिमूव्ह चालवलं, म्हणजे आपोआप आलेली आणि आता कुणाला न लागणारी पॅकेजं काढायची आज्ञा. लिबप्रोज22 आली होती डेव्हच्या मागून, आपोआप. त्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस नव्हतं, आणि आपण हाताने बनवलेल्या प्रोग्रामची एपीटीच्या वहीत नोंदच नसते. त्याच्या दृष्टीने ती लायब्ररी कुणालाच नको होती. गेली.

लिबप्रोज22 परत टाकली, या वेळी नाव घेऊन. नाव घेऊन टाकलेलं पॅकेज एपीटी 'मॅन्युअल' धरतं आणि ऑटोरिमूव्हमध्ये त्याला हात लावत नाही.