पस्तीस आले कुठून?

52 मधून 27 वजा करायचे आहेत. वर्गातल्या एका मुलाने आणि एका मुलीने उत्तर लिहिलं, 35. बरोबर उत्तर 25, त्यामुळे दोघांच्याही वहीत लाल फुली. पण दोघांच्या डोक्यात जे घडलं ते अगदी निराळं होतं.

मुलाने एककाच्या घरात 2 आणि 7 पाहिले. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याला पक्कं ठाऊक, म्हणून त्याने 7 मधून 2 काढून 5 लिहिले. दशकाच्या घरात 5 मधून 2 गेले, उरले 3. मुलीने मात्र हातचा व्यवस्थित घेतला, 12 मधून 7 वजा करून 5 लिहिले. फक्त दशकाच्या 5 चे 4 करायला ती विसरली. तिचेही आले 35.

आता दोघांना सारखीच वीस गणितं सरावाला दिली, तर मुलगा आपली चूकच वीस वेळा घोटून पक्की करेल. त्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायला हवेत, दशक मोडून एकक कसे होतात ते हाताने करू द्यायला हवं. मुलीला एवढ्याची गरज नाही. पण उत्तर एकच असताना कोण कुठे अडलंय हे ओळखायचं कसं?

पुढचं गणित नीट निवडून. 41 मधून 18 वजा करायला सांगा. मुलगा 37 लिहील, मुलगी 33. एका प्रश्नात उलगडा झाला.

ऑनलाइन शिक्षण ‘प्रत्येक मुलाला साजेसं’ करण्याबद्दल बरंच बोललं जातं. माझ्या मते त्याचा गाभा या दुसऱ्या प्रश्नात आहे. 1978 मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा असाच अभ्यास केला. त्यांना दिसलं, की बऱ्याच चुका धांदलीतून येत नाहीत. मूल एक चुकीचा नियम अगदी इमानाने पाळत असतं. अशा नियमांची यादी संगणकाला दिली, तर कोणतं मूल कोणत्या नियमाने चाललंय हे तो उत्तरांवरून शोधू शकतो.

दुसरा धागा संभाव्यतेचा. एखादी गोष्ट मुलाला ‘येते’ की नाही, हे कुणालाच थेट दिसत नाही. दिसतं ते उत्तर. येत असूनही हात चुकतो, आणि येत नसूनही अंदाज लागतो. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी याचा हिशेब मांडला. उदाहरण घेऊ. मुलाला हातच्याची वजाबाकी येत असण्याची शक्यता सुरुवातीला 40 टक्के धरली. येत असताना चुकण्याची शक्यता 10 टक्के. प्रश्नाला चार पर्याय असतील तर अंदाज लागण्याची शक्यता 25 टक्के. मुलाचं उत्तर बरोबर आलं, की ‘येतं’ ही शक्यता 40 वरून सुमारे 71 टक्क्यांवर जाते. चुकलं, तर 8 टक्क्यांपर्यंत घसरते. तोच प्रश्न पर्याय न देता विचारला, आणि अंदाजाची शक्यता 5 टक्के धरली, तर एका बरोबर उत्तराने आकडा 92 टक्क्यांवर पोचतो. म्हणूनच नुसत्या पर्यायी प्रश्नांवर चालणारं ॲप मुलाला फार हळू ओळखतं. पालकांनी ॲप निवडताना हे जरूर पाहावं: मुलाला उत्तर स्वतः लिहावं लागतं का?

या सगळ्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो का? दिल्लीतला एक प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या कंपनीचं ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर तिथे शाळेनंतरच्या केंद्रांत वापरलं गेलं. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान या संशोधकांनी 619 मुलांमधून सोडत काढून काहींना प्रवेश दिला, म्हणजे बाकीच्यांशी त्यांची तुलना करता येईल. त्यांचा निबंध 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या चाचणीतच वस्तुस्थिती समोर आली: सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि वरच्या वर्गांत हे अंतर वाढतच गेलेलं होतं. सातवीचं पुस्तक समोर उघडं आणि मूल तिसरी-चौथीच्या भागाकारापाशी थबकलेलं. अशा मुलाला वर्गात बसून काय मिळत असेल, या विचाराने जीव कळवळतो.

सॉफ्टवेअर मुलाला त्याच्या खऱ्या पातळीपासून सुरू करत होतं. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती झाली, आणि आपल्या आधीच्या गतीच्या मानाने सर्वांत मोठी झेप मागे पडलेल्यांनी घेतली. मात्र गणितात त्यांच्या स्वतःच्या इयत्तेच्या प्रश्नांवर फारसा फरक दिसला नाही. साहजिकच आहे, मूल चौथीतून पाचवीत सरकलं, तरी सातवीच्या पेपरात ते दिसत नाही. आणखी एक गोष्ट विसरू नये: दीड तासापैकी अर्धाच वेळ संगणकासमोर जाई, उरलेला अर्धा वेळ एक शिकवणारी व्यक्ती लहान गटासोबत बसे.

याच्या तुलनेत कोविडच्या काळात आपण घरोघरी पाहिलं ते ऑनलाइन शिक्षण म्हणजे वर्गातला तोच तास प्रत्येकाच्या मोबाइलवर. आणि ‘हे मूल पाहून शिकणारं, ते ऐकून शिकणारं’ अशी विभागणी करून धडे देणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. तशा विभागणीने शिकणं सुधारतं याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

मराठी मुलांसाठी हे करायचं, तर चुकांची यादीही मराठीच हवी. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल 72 लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून 39. इंग्रजीतल्या वीसच्या पुढच्या संख्या लिहितात त्याच क्रमाने बोलल्या जातात, त्यामुळे तिथल्या सॉफ्टवेअरला या चुका ठाऊक असायचं कारण नाही. ही अडचण खरीच आहे, म्हणून तर 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या समितीने ‘वीस सात’ असं वाचनही सुचवलं होतं, आणि त्यावर राज्यभर वाद झाला.

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईंना अशा चुका तोंडपाठ असतात. मराठी ॲप बनवणाऱ्यांनी आधी आठवडाभर त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसावं. कुणी सत्तावीसचे 72 लिहिले, की बाई लगेच पुढची कोणती संख्या लिहायला सांगतात, ते टिपून घ्यावं.