परवडणाऱ्या घरांची धोरणे आणि जमिनीचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील शहरांकडे लोकांचा लोंढा सुरू झाला, तेव्हा बहुतेक सरकारांनी झोपडवस्त्या पाडून सरकारी इमारती बांधण्याचा मार्ग धरला. सिंगापूरमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाला तो साधला, कारण १९६६ च्या कायद्याने जमीन संपादनाचे कडक अधिकार मिळाले होते आणि १९६८ पासून सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतून घराचे पैसे भरण्याची मुभा होती. ही दोन्ही साधने नसलेल्या देशांत घरे गरजेच्या मानाने फारच थोडी उभी राहिली.

पेरूने १९६१ च्या कायद्याने स्वयंनिर्मित वस्त्यांना मान्यता देण्याचा निराळा रस्ता धरला. पुढे १९६९ मध्ये जकार्तात वस्त्या न हलवता तिथेच पायवाटा, गटारे आणि पाणी पुरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जागतिक बँकेने १९७२ मध्ये, सेनेगलपासून सुरुवात करून, आखलेले भूखंड आणि मूलभूत सोयी देऊन घर बांधणे कुटुंबांवर सोपवणाऱ्या योजनांना कर्ज देणे आरंभले. मात्र जमीन स्वस्त मिळावी म्हणून असे भूखंड अनेकदा शहराच्या कडेला गेले आणि रोजंदारीवर जगणाऱ्यांना प्रवासखर्चाचा भुर्दंड बसला.

चिलीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस बांधकाम खासगी कंपन्यांवर सोपवून कुटुंबाला थेट अनुदान देण्याची पद्धत रूढ केली. घरांची संख्या वाढली, पण ठरलेल्या रकमेत जमिनीवर जेवढा कमी खर्च तेवढा बांधणाऱ्याचा नफा अधिक, हे गणित सँतियागोच्या सीमेवरील गरिबांच्या वसाहतींत उघड दिसते. मेक्सिकोत तारण कर्जांच्या आधारे शहरांपासून दूर उभारलेल्या वसाहतींतही हेच घडले. २०१० च्या जनगणनेत तेथे सुमारे ५० लाख घरे रिकामी आढळली, आणि ती सगळी अशा वसाहतींतली नसली तरी हा आकडा धोरणावर बोट ठेवणारा आहे.

या गणितातून वाट काढण्याचा लक्षणीय प्रयत्न चिलीतल्याच इकिके शहरात झाला. मध्यवर्ती जागेवर सुमारे तीस वर्षे राहिलेल्या जवळपास शंभर कुटुंबांसाठी प्रत्येकी सुमारे ७,५०० डॉलरचे अनुदान होते आणि त्यातच जमीन, सोयी व बांधकाम भागवायचे होते. अशा घरांसाठी सामान्यतः परवडणाऱ्या दराच्या तिप्पट भाव असूनही तीच जागा राखली गेली, आणि उरलेल्या पैशांत स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना व वाढवता येईल असा सांगाडा एवढेच अर्धे घर बांधले. २००४ मध्ये ताबा मिळालेल्या कुटुंबांनी दोन घरांमधल्या मोकळ्या पोकळीत आपापल्या ऐपतीप्रमाणे खोल्या चढवल्या.