आधी केमो-रेडिएशन, मग ऑपरेशन: हा क्रम आला कुठून?

गुदाशयाचा कॅन्सर निघाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: गाठ दिसतेय, तर आधी काढून का टाकत नाहीत?

शंभर वर्षांपूर्वी तेच करत होते. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सनी 1908 मध्ये पोटाकडून आणि गुदद्वाराकडून, अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. रुग्णाच्या पोटावर शौचासाठी कायमची पिशवी यायची. एवढं करूनही कॅन्सर पुष्कळदा त्याच जागी उलटायचा. कारण अडचण जागेची आहे. गुदाशय कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत, पुढे मूत्राशय, मागे कण्याचं टोक. मोठ्या आतड्यासारखं इथे ऐसपैस कापता येत नाही.

स्वीडनमध्ये मग रोज 5 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) असं पाच दिवस रेडिएशन देऊन लगेच ऑपरेशन करून पाहिलं. 1997 च्या निकालात त्याच जागी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण 27 वरून 11 टक्क्यांवर आलं. पण 27 हा आकडाच मुळात लाजिरवाणा होता. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड 1982 पासून सांगत होते, की गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण न फाटता अख्खं निघालं पाहिजे. डच डॉक्टरांनी ही सफाईदार शस्त्रक्रिया करूनच रेडिएशन तपासलं. 2001 मध्ये दिसलं, की दोन वर्षांत नुसत्या ऑपरेशननंतर 8.2 टक्के जणांत कॅन्सर तिथेच परतला, आधी रेडिएशन दिलेल्यांत 2.4 टक्के.

केमोची जोड दिलेलं रेडिएशन ऑपरेशनच्या आधी द्यायचं की नंतर, हा वाद जर्मनीत 2004 मध्ये बराचसा मिटला. आधी दिलेल्यांत त्याच जागी उलटण्याचं प्रमाण 6 टक्के, नंतर दिलेल्यांत 13. त्रासही कमी झाला. ऑपरेशननंतर रिकाम्या पोकळीत लहान आतडं उतरतं आणि रेडिएशन त्यालाही भाजतं. आधी दिलं तर ते बरंचसं वाचतं. आयुर्मानात मात्र फरक पडला नाही. हे रुग्णाला क्वचितच कुणी सांगतं.

त्याच वर्षी ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामांनी पुढची पायरी मांडली: गाठ पूर्ण विरघळली असेल तर ऑपरेशन न करता कडक नजर ठेवायची. सर्जन मंडळींना हे पचायला वेळ लागला. आता रेडिएशनचीही पाळी आली आहे. 2023 च्या प्रॉस्पेक्ट चाचणीत निवडक रुग्णांना आधी फक्त केमो दिली आणि गाठ पुरेशी आटली तर रेडिएशन गाळलं. पाच वर्षांनी या गटात आणि नेहमीचं केमो-रेडिएशन दिलेल्या गटातही सुमारे 80 टक्के रुग्ण रोगमुक्त होते.